पौर्णिमेपर्यंत उठवायचं नाही

आधी

दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की आमच्या तुळजापुरात देवी पलंगावर झोपते. नऊ दिवसांचा शीण असतो. मग उठते ती थेट आश्विन पौर्णिमेला. हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरात त्याला एक शेपूट जोडलेलं आहे, ते बाहेर कुणाला ठाऊक नाही. या दिवसांत झोपलेल्या कुठल्याही माणसाला उठवायचं नाही.

कुणी सुरू केलं, पणजीनं की तिच्या सासूनं, सांगता येत नाही. बाबा, म्हणजे नारायणराव, मुख्याध्यापक होते. आवाज तीन वर्गांपलीकडं जाणारा. पण या दिवसांत माझा भाऊ यज्ञेश साडेदहापर्यंत लोळत पडला तर बाबा त्याचं दप्तर हातात धरून उंबऱ्याशी उभे राहायचे. एका वर्षी त्याचा सहामाहीचा गणिताचा पेपर बुडाला. बाबांनी स्वतःच्याच शाळेला स्वतःच चिठ्ठी लिहिली: मुलगा झोपला होता.

आता आई.

आजी सात वर्षं अंथरुणाला खिळून होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तिला दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे. आईनं फोनमध्ये बारा गजर लावून ठेवले होते, दिवसाचे सहा, रात्रीचे सहा. मी पुण्यात नोकरीला. फोन केला की मध्येच म्हणायची, "निवेदिता, थांब हं, वळवून येते." मी थांबायची. कानात चादरीची सळसळ. "हं, वळा आई." मग एक लांब श्वास. कुणाचा, ते कळायचं नाही.

गेल्या मार्गशीर्षात आजी गेली. गजर राहिले. झोप गेली.

दहा महिने. अर्धा तास डोळा लागला की ती दचकून उठते आणि रिकाम्या खाटेपर्यंत जाऊन येते. सोलापूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या लोणच्याच्या बरणीमागं तशाच आहेत. नवरात्रात भर रस्त्यात ती उभ्या उभ्या पेंगली आणि जीपसमोर गेली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला म्हणून वाचली. घरी येऊन तिनं हे आम्हाला सांगितलं ते असं: "त्या पोराला उगीच घाम फुटला."

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी यज्ञेश म्हणाला, "चला, रामलिंगला जाऊ. झाडं आहेत, पाणी आहे. हिला तिथं झोप आली तर आली. नाही आली तर सीताफळं खाऊ."

रस्ता

आई पुढं बसली होती, खिडकी उघडी ठेवून. शेतांतून सोयाबीनची मळणी चालली होती. भुश्शाचा पिवळा धुरळा रस्त्यावर आडवा तरंगत होता. गाडी त्यात शिरायची, क्षणभर जगात काहीच नसायचं, मग पुन्हा बाहेर. बाहेर पडलो की मी आरशात आईचे डोळे बघायची.

उघडे.

"यज्ञेश, काटा चाळीसच्या पुढं नको," मागून बाबा.

"बाबा, मघाशी एक ट्रॅक्टर आपल्याला साइड मागत होता."

"मग द्यायची. त्याला काम असतं. आपल्याला कुठं जायचंय?"

"रामलिंगला."

"ते काय पळून चाललंय?"

पुन्हा धुरळा. पुन्हा बाहेर. उघडे.

येडशीशी वळलो आणि झाडं सुरू झाली. दोन्ही अंगांना तरवडाची पिवळी फुलं, मागं साग, त्याच्या मागं उतरत गेलेली दरी. पावसाळा संपून पंधरवडा झाला होता आणि हिरव्याला नुकती कडेनं तांबूस धग लागत होती. अभयारण्याच्या फाटकावर वनरक्षक होता. छातीवर सिद्धाराम अशी पाटी, गळ्यात शिट्टी.

"साडेपाचला शिट्टी वाजल," तो म्हणाला. "शिट्टीला समदी वर यायची. हिकडं बिबट्या हाय."

"तुम्ही पाहिलाय?" यज्ञेशनं विचारलं.

"म्या न्हाय. पर त्यानं मला बघितलंय."

पायऱ्यांच्या तोंडाशी धुरपदाबाई पाटीत सीताफळं लावून बसल्या होत्या. आईनं एक उचललं, बोटानं चाचपलं, परत ठेवलं. "हे अजून मिटलेलंय."

"मग हे घ्या माय. डोळं उघडल्यालं. आज खावा, उद्याला ठिवू नका."

"आजच खाते."

धुरपदाबाईंनी तिच्याकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि एक फळ वर टाकलं.

दोन

खाली, देवळापासून थोडं पलीकडं, ओढ्याकाठच्या सपाट कातळावर आम्ही सतरंजी अंथरली. धबधबा आता एवढाच उरला होता: वरून कुणी तांब्यानं हळूहळू पाणी घालावं तसा. धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी. बाबा धपाट्याचा घास हातात धरून झाडांची नावं सांगत होते आणि आम्ही नेहमीप्रमाणं ऐकत नव्हतो.

तेवढ्यात आईच्या पिशवीतून गजर.

ती उठली. उष्ट्या हातानं, घास तोंडात, दोन पावलं चाललीसुद्धा. समोर ओढा. ती ओढ्याकडं बघत उभी राहिली. मग परत येऊन बसली आणि डाव्या हातानं गजर बंद केला.

"काढून का टाकत नाहीस गं ते?" यज्ञेश म्हणाला.

"राहू दे."

"कशाला पण?"

"अरे, राहू दे म्हटलं ना."

बाबा झाडांची नावं सांगायचे थांबले होते.

अडीच

तिनं पिशवी उशाला घेतली. "जरा पाठ टेकते," म्हणाली. हे ती रोजच म्हणते.

उन्हाचे कवडसे तिच्या पातळावर हलत होते. पाण्याचा आवाज एकसारखा. एक पिवळं फुलपाखरू तिच्या पायाच्या अंगठ्यावर बसलं, उडालं, पुन्हा तिथंच बसलं. मी फुलपाखराकडं बघत होते, म्हणून नक्की कधी ते मला सांगता येणार नाही. आईचं तोंड किंचित उघडं पडलं. सीताफळाची एक काळी बी तिच्या मुठीतून सुटली आणि कातळावरून टक, टक, टक करत ओढ्यात गेली.

आम्ही तिघं त्या आवाजानं घाबरलो.

ती उठली नाही.

(इथून पुढं कंसातलं सगळं कुजबुजत बोललेलं आहे.)

(झोपली?)

(झोपली.)

(नक्की?)

(बाबा, हळू.)

(मी हळूच बोलतोय.)

(तुमचं हळू म्हणजे शाळेतल्या प्रार्थनेचं हळू आहे.)

तीन

काही नाही.

ती झोपली होती.

पाणी पडत होतं.

तीननंतर थोड्या वेळानं

वानर आलं. काळ्या तोंडाचं, जाडजूड, म्होरक्या असावा. तो सरळ आईच्या उशाशी येऊन बसला. पिशवीत दोन सीताफळं होती.

यज्ञेशनं दगड उचलला. बाबांनी त्याचा हात धरला. मग बाबा उभे राहिले. तीस वर्षं शाळेच्या व्हरांड्यात उभे राहायचे तसे, हात पाठीमागं, मान किंचित तिरकी. एक शब्द नाही. त्यांनी वानराकडं बघितलं. वानरानं त्यांच्याकडं बघितलं. बाबांनी उजव्या हाताची तर्जनी हळूच आपल्या ओठांवर ठेवली.

वानर दोन फूट मागं सरकून बसलं. मग उठून गेलं. जाताना शेपटीचासुद्धा आवाज नाही.

(आमच्या वर्गात असं कुणी ऐकायचं नाही,) यज्ञेश म्हणाला.

(तो तुझ्यापेक्षा शहाणा दिसला.)

पावणेचार

(निवेदिता.)

(काय?)

(चारचा गजर.)

आम्ही तिघांनी पिशवीकडं बघितलं. फोन पिशवीत. पिशवी आईच्या डोक्याखाली.

(काढायचा,) बाबा म्हणाले.

(डोकं उचलावं लागेल.)

(उचलणं म्हणजे उठवणं नव्हे.)

मी तिच्या मानेखाली हात घातला. याआधी मी आईचं डोकं कधी हातात घेतलं नव्हतं. इतकं जड असेल असं वाटलं नव्हतं. केसांत खोबरेल, घाम, आणि कुठून तरी आलेला चंदनाचा वास. आत कुठं तरी ती चालत असावी, कारण तिच्या पापण्यांखाली बुबुळं एका बाजूला गेली, परत आली. यज्ञेशनं पिशवीत बोटं घातली. सीताफळ. किल्ल्या. चष्म्याची डबी. फोन.

डोकं परत खाली.

(बंद कर आता.)

(फोन उघडायला नक्षी काढावी लागते. तुला येते?)

(मला नाही. बाबा?)

(मी तिचा फोन कशाला बघेन?)

(पूर्णच बंद करून टाक.)

(ते बटण आत गेलंय. दोन वर्षं झाली.)

(तीन त्रेपन्न.)

(आवाज कमी कर.)

(गजराचा होत नाही.)

(तीन चौपन्न. निवेदिता, पळ.)

मी पळाले.

चार

चपला तिथंच राहिल्या. पायऱ्या गरम होत्या. दोन्ही बाजूंच्या कठड्यांवर वानरं बसली होती, मधून मी, दोन्ही हातांत तो फोन, भरलेलं दुधाचं भांडं धरावं तसा. वळण. दुसरं वळण. वर, धुरपदाबाईंच्या पाटीपर्यंत पोचले तेव्हा छाती फुटत होती, आणि तेवढ्यात तो वाजला.

केवढ्यानं वाजतो. हे आई दिवसातून बारा वेळा ऐकते.

"काय जालं गं लेकी?" धुरपदाबाई.

पडद्यावर अक्षरं होती, आईनं स्वतः लिहिलेली:

आईंना वळवणे. डावीकडे.

मी कठड्याशी गेले. तिथून झाडांच्या फटीतून खालचा कातळ दिसतो. सतरंजी पत्त्याएवढी. आई. बाबा तिच्या शेजारी मांडी घालून बसलेले. यज्ञेश ओढ्याशी. इथं माझ्या हातात गजर किंचाळत होता आणि तिथं खाली काहीच ऐकू जात नव्हतं. मी ते बघितलं. आत्मा वर जाऊन बघतो म्हणतात ना, तसं.

आईचा हात उठला.

झोपेतच. हात हवेत गेला, थोडा थांबला, मग शेजारी चाचपू लागला. सतरंजीवर. मग पलीकडं, कातळावर. तिथं कुणी नव्हतं. हात आणखी पुढं गेला. तिचं अख्खं अंग त्या हातामागं उठू लागलं.

ती उठणार होती. मला इथून दिसत होतं, आणि मी इथं होते.

यज्ञेशनं बघितलं, तोही जागचा हलला नाही.

बाबांनी चष्मा काढला.

त्यांनी तो नीट घडी घालून खिशात ठेवला. मग ते, नारायणराव मुख्याध्यापक, आडवे झाले. कातळावर, तिचा हात जिथं शोधत होता तिथं, तिच्याकडं पाठ करून. आजीला त्यांनी सात वर्षांत एकदाही वळवलं नव्हतं. त्यांनी हात लावला की आजी कण्हायची आणि ते मागं सरायचे. "तुझा हात तिला कळतो," असं आईला म्हणायचे.

हात त्यांच्या खांद्याला लागला. थांबला. दुसरा हात कमरेशी आला. आणि आईनं, मिटल्या डोळ्यांनी, बाबांना वळवलं. सावकाश, आधी खांदा, मग कंबर, मग गुडघ्याला हलका धक्का. बाबा वळले. तिनं त्यांच्या पाठीवरून एकदा तळवा फिरवला, सुरकुती काढावी तसा.

मग तिचा हात सैल पडला. ती पुन्हा खाली गेली, झोपेत.

बाबा तसेच पडून राहिले. डावीकडं तोंड करून.

"कुणाचा फोन हाय?" धुरपदाबाईंनी विचारलं.

"आजीचा," मी म्हणाले.

मग बोटानं सरकवून गजर थांबवला. आता पडद्यावर काहीच नव्हतं.

मधे

मी खाली गेले. फोन माझ्या खिशात. बाबा उठून बसले होते, चष्मा परत डोळ्यांवर. यज्ञेशनं एक सीताफळ फोडलं आणि तिघांत वाटलं. बिया आम्ही हातातच धरून ठेवल्या.

ऊन कातळावरून ओढ्यात उतरलं, ओढ्यातून पलीकडच्या धावड्याच्या झाडावर चढलं, वर वर गेलं.

साडेपाच

सिद्धाराम पायऱ्यांनी खाली येत होता. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं शिट्टी तोंडाकडं. यज्ञेश अनवाणी धावत सुटला. दोन्ही हात हलवत, तोंडातून आवाज न काढता. सिद्धाराम दचकला. शिट्टी ओठांपाशी थांबली.

"काय वो सायेब? बिबट्या?"

(हळू. आई झोपलीय.)

"मग उठवा की."

बाबा आले. (आमच्यात उठवत नाहीत. पौर्णिमेपर्यंत.)

"आँ?"

(देवी झोपलीय ना तुळजापुरात. तोवर आमच्या घरात झोपलेल्या माणसाला उठवत नाहीत.)

सिद्धारामनं टाचा उंचावून कातळाकडं बघितलं. बाबांकडं बघितलं. मग मला वाटतं त्यानं माझ्याकडं बघितलं, कारण मी म्हणाले, (दहा महिन्यांनी झोपलीय. पहिल्यांदाच.)

"दहा म..." आणि तोही कंसात आला. (दहा म्हयने? आजारी हायती का?)

(नाही. सवय लागलीय.)

(माझी बायकू बी अशीच. पोरगं लहान असताना. आता पोरगं मिलिटरीत हाय तरी उठून बसती.) त्यानं शिट्टी खिशात घातली. (पर सायेब, फाटक लावावं लागतंय. अंधार पडला म्हंजी मी बी हितं ऱ्हात न्हाय. खोटं सांगत न्हाय.)

(मग?)

(उचला.)

(काय?)

(उठवायचं न्हाय म्हनला. उचलायचं न्हाय असं कुठं हाय?)

बाबांनी त्यावर खरंच विचार केला. पणजी, तिची सासू, सगळ्यांना मनात उभं करून विचारलं असावं. (नाही,) ते म्हणाले. (असं कुठं नाही.)

सिद्धाराम आधी बाकीच्या माणसांकडं गेला. शिट्टी वाजवता येत नव्हती, म्हणून त्याला प्रत्येक घोळक्यापाशी जावं लागलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला, देवळामागं, डोहाशी. लांबून दिसत होतं, तो काहीतरी सांगतोय, माणसं वळून आमच्याकडं बघतायत. मग ती एकेक करून आमच्या बाजूनं पायऱ्या चढू लागली. लहान पोरं, कॉलेजातली मुलं, एक नवं जोडपं. सगळ्यांनी चपला हातात घेतल्या होत्या.

सहाला थोडं कमी

चार कोपरे. डोक्याकडं सिद्धाराम आणि यज्ञेश. पायांकडं डावा कोपरा माझा, उजवा बाबांचा.

(एक. दोन.)

सतरंजी जमिनीपासून सुटली. आई मधोमध खोलगट झाली, पाळण्यात असावी तशी. मान यज्ञेशच्या कोपऱ्याकडं कलली. तोंड उघडंच.

पहिली पायरी. दुसरी.

(बाबा, तुम्हाला जमेल ना?)

(पुढं बघ.)

वानरं कठड्यांवर ओळीनं बसली होती आणि आमच्याबरोबर माना वळवत होती. वरती आभाळ केशरी, खाली दरी निळी होत चाललेली, आणि त्या दोहोंच्या मधे आम्ही चार माणसं एका माणसाला वर घेऊन चाललो होतो. गंमत म्हणजे ती हलकी वाटत होती. एकटं डोकं उचललं तेव्हा जड होतं. आता अख्खी होती तर...

वळण. थांबलो. बाबांचा श्वास मोठ्यानं चालला होता. त्यांनी तो तोंड मिटून नाकानं घ्यायला सुरुवात केली.

दुसरं वळण. वर, पायऱ्यांच्या तोंडाशी, धुरपदाबाई पाटी आवरत होत्या. आम्हाला बघून उठल्या आणि पदर डोक्यावर घेतला. काय समजल्या कोण जाणे. यज्ञेशनं मान हलवली. (झोपलीय, आजी. नुसती झोपलीय.) त्यांनी सुटकेचा श्वास टाकला आणि पाटी उचलून रस्ता मोकळा करून दिला.

अजून दहा-बारा पायऱ्या.

आणि मला आठवलं.

(यज्ञेश, किती वाजले?)

(हात कुठंय मोकळा?)

(अरे, फोन माझ्या खिशात आहे.)

(मग?)

(सहाचा.)

चौघंही थांबलो. मी कोपरा सोडला तर आई माझ्या बाजूनं खाली जाणार. बाबांचे दोन्ही हात आधीच गुंतलेले. सिद्धारामनं विचारलं, (काय सहाचा?) आणि त्याला उत्तर द्यायला कुणाला वेळ मिळाला नाही.

सहा

वाजला.

माझ्या खिशात, आईच्या पायांपासून वीतभर अंतरावर. दरीत गेला, आपटला, परत आला. कठड्यावरची वानरं झाडांत उडाली. चार कोपरे, आठ हात, एकही मोकळा नाही. बाबांनी डोळे मिटले.

सतरंजीत आई हलली.

तिचा हात उठला. मी बाबांकडं बघितलं. आता मधे आडवं व्हायला कुणी नव्हतं. हात हवेत आला, चाचपला, सतरंजीच्या कडेला लागला. तिथं थांबला. गजर वाजत होता. मग तो हात परत फिरला, तिच्या स्वतःच्याच खांद्यावर आला, आणि आईनं एक लांब श्वास सोडला. या वेळी कुणाचा ते मला कळलं.

ती वळली. आधी खांदा, मग कंबर, मग गुडघे पोटाशी. उजव्या कुशीवर. हात गालाखाली गेला.

सतरंजीतलं वजन सरकलं. माझा कोपरा एकदम हलका झाला आणि बाबांचा जड. ते एक पाऊल कलले. सावरले. मूठ आणखी आवळली.

गजर बराच वेळ वाजला. मग दमून आपोआप थांबला.

(चला,) बाबा म्हणाले.